बंद होणाऱ्या कंपनीची गाडी

घरात चारचाकी घ्यायची की नाही, आणि घ्यायचीच तर कोणती, यावर २०१७च्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन-अडीच महिने खल चालला होता. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसरी दवाखान्यात परिचारिका. हा लेखही दोघांनी बसून लिहिला आहे, त्यामुळे यात ‘मी’ कुठे सापडणार नाही. जिथे आमचे एकमेकांशी पटले नाही तिथे ‘मास्तर’ आणि ‘सिस्टर’ असे लिहिले आहे. नालवाडीत आम्हाला याच नावांनी हाक मारतात.

गाडीची हौस मुळीच नव्हती असे म्हणणार नाही. पण खरे कारण होते बाबा, म्हणजे मास्तरांचे वडील. रेल्वेत गँगमन म्हणून उन्हातान्हात रूळ सांभाळून निवृत्त झालेले. हृदयाचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना महिन्यातून दोनदा नागपूरला न्यावे लागे. नालवाडी वर्ध्याला अशी लागून आहे की शहर कुठे संपले आणि आमचे गाव कुठे सुरू झाले ते नवख्या माणसाला कळत नाही. नागपूर मात्र पंचाहत्तर किलोमीटर. एस.टी.त बसायला जागा मिळाली तरी उतरल्यावर ऑटो, मग दवाखान्यातली रांग, आणि परतताना पुन्हा तेच. बाबा तक्रार करत नसत. घरी आल्यावर दोन दिवस खाटेवरून उठत नसत, एवढेच. भाड्याची गाडी सांगितली तर एका खेपेला दोन हजारांच्या वर जात.

आमच्याजवळ होते तीन लाख चाळीस हजार. पोस्टातली आवर्ती ठेव, सिस्टरांच्या वेतनाची थकबाकी आणि भिशीचा एक डाव, असे मिळून. या पैशाला आणखी एक हक्कदार होती. मोठी मुलगी अकरावीत गेली होती, दोन वर्षांनी तिच्या कॉलेजची फी आणि वसतिगृह दारात उभे राहणार होते. ज्यांच्यामागे शेत आहे, वाडा आहे, त्यांचे गाडीत लाखभर बुडाले तर त्यांना हळहळ वाटते आणि ते पुढच्या कामाला लागतात. आमच्या घरात पगारावर जगणारी ही दुसरीच पिढी. बाबांच्या पहिल्या पगारापासून हिशेब धरला, तर ही आमच्या घराची आजवरची सर्वांत मोठी शिल्लक होती. म्हणून वही उघडून बसत होतो.

बहुतेकांनी सांगितले की डोळे मिटून मारुती घ्या. सल्ला खोटा नव्हता, पण आम्हाला परवडेल अशा मारुतीत बाबांना पाय लांब करून बसता येईना. त्याच सुमारास नागपूरच्या एका शोरूममध्ये शेव्हरोले बीट पाहिली. बसायला उंच, दार रुंद उघडणारे, आणि सूट ऐंशी हजारांच्या आसपास. नोंदणी, विमा धरून चार लाखांच्या आतबाहेर पडत होती. एवढी सूट कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. १८ मे २०१७ रोजी जनरल मोटर्सने जाहीर केले होते की वर्षअखेरीपासून भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री बंद. विकलेल्या गाड्यांची हमी पाळू, दुरुस्ती आणि सुटे भाग देत राहू, असेही त्याच घोषणेत होते.

आता या आश्वासनावर किती भरवसा ठेवायचा? मास्तरांना इतिहासाची आवड. त्यांनी जुनी कात्रणे आणि ओळखीच्यांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. सिस्टर म्हणाल्या, “आधी रोग्याची फाईल पाहा, मग औषधाचं बोला.”

फाईल अशी. याच कंपनीने जुलै २०१५ मध्ये भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. गुजरातेतला हालोलचा कारखाना बंद करून सगळे काम आपल्या महाराष्ट्रातल्या तळेगावला आणायचे, असा बेत होता. पुढच्याच वर्षी ती गुंतवणूक थांबवली गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुकानच आवरले. भारतातला तिचा हिस्सा तेव्हा शंभर गाड्यांत एक इतकाही उरला नव्हता.

पण मास्तरांना आणखी मागची एक गोष्ट सापडली आणि ती आम्हाला फार उपयोगी पडली. हीच जनरल मोटर्स १ जून २००९ रोजी अमेरिकेत रीतसर दिवाळखोरीत गेली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक, आणि न्यायालयात जाऊन सांगते की देणी फेडता येत नाहीत. तिथल्या सरकारने पैसा ओतला आणि चाळीस दिवसांत नवी कंपनी उभी राहिली. त्या काळात भारतात तिच्या गाड्या विकल्या जातच होत्या. उलट बीट आपल्याकडे आली तीच मुळी २०१० साली, दिवाळ्यानंतर. आणि २०१७ साली कंपनी इथून निघाली तेव्हा जगभरात ती चांगली नफ्यात होती. म्हणजे दिवाळे निघाले तेव्हा ती राहिली आणि नफा होता तेव्हा गेली. अमेरिकेतल्या तिच्या ताळेबंदाकडे बघून वर्ध्याच्या गिऱ्हाईकाने काही ठरवावे, याला काही अर्थ नव्हता. तिला इथला बाजार राखण्याजोगा वाटतो की नाही, हे खरे पाहायचे. ते उत्तर तर जाहीरच झाले होते.

मग प्रश्न उरला तो गाडीचा. कंपनी गेल्यावर गाडीचे काय होते? याची उदाहरणे शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढलेली. आमच्या लहानपणी तिची पद्मिनी म्हणजे डॉक्टर, वकील नाहीतर कंत्राटदार यांची गाडी. उदारीकरण आल्यावर प्रीमियरने एकदम दोन परदेशी सोयरिकी केल्या. फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणला ३०९ नावाची गाडी काढली आणि इटलीच्या फियाटबरोबर कुर्ल्याला उनो. उनोसाठी लोकांनी आगाऊ पैसे भरून रांगा लावल्या. मग कामगारांशी तंटे, संप, पैशाची ओढाताण. प्यूजोने १९९७ मध्ये अंग काढून घेतले. ३०९ चांगली गाडी होती असे जाणकार सांगतात, पण रस्त्यावर थोड्याच आल्या होत्या, आणि पुढे एकेका भागासाठी मालकांची दमछाक झाली. त्याच प्रीमियरची पद्मिनी २०००च्या सुमारास बनायची बंद झाली, तरी मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३पर्यंत धावली. शेवटची नोंदलेली टॅक्सीदेखील वीस वर्षांची कायद्याची मुदत संपली म्हणून गेली, भाग मिळेना म्हणून नव्हे. कंपनी एकच असून एका गाडीला वाली उरला नाही आणि दुसरी कारखान्यामागे वीस वर्षे चालली. कारण हजारो टॅक्सीवाल्यांची चूल तिच्यावर पेटत होती. जोवर मागणी आहे तोवर कोणीतरी छोटा कारखानदार तिचा बुश आणि तिचा क्लच बनवणारच.

वर्धेकरांना हे समजायला पद्मिनीचीही गरज नाही. आमचे गाव जमनालाल बजाज यांचे. त्या घराण्याच्या कंपनीची चेतक स्कूटर मिळावी म्हणून एकेकाळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, लग्नाच्या बोलणीत तो नंबर सांगितला जाई. बजाजने पेट्रोलवरच्या स्कूटर २००९च्या सुमारास थांबवल्या. पण मास्तरांची चेतक त्यानंतरही चालली आणि तिची केबल गल्लीतल्या दुकानात मिळत राहिली.

तिसरे उदाहरण थेट बीटच्या घराण्यातले. कोरियाच्या देवू कंपनीने १९९५ साली दिल्लीजवळच्या सूरजपूर कारखान्यातून सिएलो काढली, १९९८ मध्ये मॅटिझ. मागचा पसारा मात्र सगळा कर्जावर उभा. १९९९ मध्ये देवू समूह कोसळला, २००० साली त्याची मोटार कंपनी दिवाळखोर ठरली, आणि एक-दोन वर्षांत सूरजपूरचा कारखानाही थंडावला. कोरियातली देवू विकत घेतली ती जनरल मोटर्सने, पण भारतातला कारखाना त्या सौद्यात घेतला नाही. तीच मॅटिझ पुढे रूप बदलून स्पार्क झाली आणि स्पार्कच्या पाठीवर बीट आली. म्हणजे आम्ही जी गाडी पाहत होतो ती एका बुडालेल्या कंपनीची नात होती, आणि तिला सांभाळणारी दुसरी कंपनीही इथून निघाली होती. सिस्टर म्हणाल्या, “या पोरीच्या नशिबात माहेर नाही.”

मास्तरांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे २००१ची मॅटिझ होती. कंपनी कोसळल्यावर स्वस्तात घेतलेली. त्यांना जाऊन भेटलो. त्यांनी तेरा वर्षे चालवली म्हणे. कशी काय, असे विचारल्यावर हसले. “मी गाडी घेतली त्याच दिवशी ठरवलं होतं, विकायची नाही. विकायला निघालो असतो तं रडलो असतो.” मग त्यांनी एक डबा दाखवला. गाडी गेली तरी तिच्या फिल्टरांचा आणि पट्ट्यांचा डबा घरात होता.

वर्ध्यातले आमचे मेकॅनिक सत्तरीला आलेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांना नव्या गाडीचे कौतुक नाही आणि कंपनीच्या नावाचे तर अजिबातच नाही. आम्ही विचारले, बीट घ्यावी का?

“कंपनी गेली तं गेली जी,” ते म्हणाले. “पुर्जा नाही गेला पायजे. पेट्रोल घ्या, डिझेल नका घेऊ. पेट्रोलमधी नाजूक सामान कमी. आन काच, बंपर, लाइट, हे तुमाले रडवन. इंजिन नाही रडवत.”

हे आम्हाला नवे होते. आम्ही इंजिनाची काळजी करत होतो. उस्तादांचे म्हणणे असे की ब्रेकचे पॅड, फिल्टर, प्लग, बेअरिंग हे सगळे कंपनी स्वतः बनवतच नाही, बाहेरचे कारखानदार बनवतात आणि ते बाजारात विकत राहतात. फक्त त्या एकाच गाडीला बसतात असे भाग म्हणजे दिवे, दारे, काचा, डॅशबोर्ड. साचा ज्याच्याकडे तोच ते बनवणार. साचा मोडीत गेला की भंगारवाल्याशिवाय वाली नाही.

इथे तळेगावची गोष्ट आमच्या बाजूने होती. विक्री बंद झाली तरी कारखाना बंद झाला नव्हता. तिथून बीट मेक्सिकोला जात होती. २०१६-१७ या एका वर्षात कंपनीने भारतातून सत्तर हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पाठवल्या होत्या. म्हणजे साचे चालू होते. मास्तरांनी हे वहीत लाल शाईने लिहिले. सिस्टरांनी खाली निळ्या शाईने लिहिले, “मेक्सिकोवाले किती दिवस घेतील?” त्याचे उत्तर पुढे २०२० साली मिळाले, ते येईलच.

एवढे झाल्यावर नवी बीट घ्यायला मास्तर तयार होते. अडले ते विकत्या किमतीवर. सिस्टरांनी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या एका दलालाला सहज फोन करून विचारले की आमच्याकडे दोन वर्षांची बीट आहे, किती द्याल? तो म्हणाला, मे महिन्याच्या आधी पावणेतीन दिले असते, आता एक साठ. सिस्टरांनी वही पुढे ओढली. नव्या गाडीवर सूट ऐंशी हजारांची, आणि जुन्या गाडीची किंमत उतरली लाखाच्या वर. तर मग सूट कुठे मिळते आहे? शोरूममधून बाहेर पडताक्षणी सुटीपेक्षा जास्त आपल्या खिशातून जाणार. अशी गाडी घ्यायचीच तर जुनी घ्यावी, जिची पडायची तेवढी किंमत पडून गेली आहे.

हा हिशेब आम्हाला कोणत्याही कात्रणात सापडला नव्हता. मास्तर त्या रात्री गप्प होते.

आठ दिवसांत आमच्याच ले-आउटमधला एक मुलगा घरी आला. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी काहींना तो ठाऊक असेल. आमच्याच समाजातला, मास्तरांचा विद्यार्थी, घरातला पहिला इंजिनीअर. २०१५ साली बँकेचे कर्ज काढून पेट्रोलची बीट घेतली होती, एम.एच. ३२, अठरा हजार किलोमीटर चाललेली. गाडीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. चाकणला नोकरी लागली होती, खोलीचे डिपॉझिट भरायचे होते, बहिणीचे लग्न ठरत होते. गाडी विकायची होती. दलालाने त्यालाही एक साठच सांगितले. कर्ज बाकी होते दोन लाख आठ हजार.

आता इथे आमचे जमेना. मास्तर म्हणाले, बाजारभाव एक साठ आहे, आपण एक सत्तर देऊ, त्यालाही दहा हजार जास्त. वरचे चाळीस हजार म्हणजे पोरीच्या वसतिगृहाचे वर्ष. आपण काही त्याची किंमत पाडली नाही. सिस्टरांचे म्हणणे असे की तो आपल्या दारात आला तो दलालाकडे जायचे नाही म्हणून आला. आपणच दलाल झालो तर मग काय राहिले? मास्तर म्हणाले, दया म्हणून गाडी घ्यायची नाही, दया करायची तर वेगळी करू. दोन दिवस घरात बोलणे कमी झाले. तिसऱ्या दिवशी बाबांनी, ज्यांनी तोवर या विषयात तोंड उघडले नव्हते, चहा पिता पिता विचारले, “कर्ज फिटल्याबिगर कागद तुमच्या नावावर कसा होईन?”

ते बरोबर होते. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर बँकेचे तारण चढलेले असते. कर्ज पुरे फिटून बँकेने ना-हरकत दिल्याशिवाय परिवहन कार्यालय ती नोंद काढत नाही, आणि ती निघाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर बिनबोभाट होत नाही. एक सत्तर दिले असते तर उरलेल्या अडतीस हजारांसाठी त्या मुलाला आणखी कुठेतरी हात पसरावा लागला असता, आणि तोवर आमचे पैसे त्याच्याकडे, कागद बँकेकडे. गँगमनने रूळ पाहावा तसे बाबांनी नेमके सैल बोल्टावर बोट ठेवले. म्हणाले, “त्याचं बी निपटवा, आपलं बी निपटन.”

दोन लाख दहा हजार दिले. रक्कम थेट बँकेत त्याच्या कर्जखात्यात भरली, वरचे दोन हजार त्याच्या हातात. पस्तीस नंबरचा फॉर्म, एकोणतीस, तीस, ना-हरकत, विमा आमच्या नावावर, सगळे पुरे व्हायला दीड महिना गेला. जुनी गाडी घेणाऱ्यांनी यातला एकही कागद ‘नंतर पाहू’ म्हणून सोडू नये. उरलेल्या एक लाख तीस हजारांतून पन्नास हजार सिस्टरांनी पोस्टात वेगळे ठेवले. पासबुकावर पेन्सिलीने लिहिले, ‘बीटचे आजारपण’. ऐंशी हजार मुलीच्या नावाने.

मास्तर आजही म्हणतात की एक नव्वदला काम झाले असते. होऊ शकले असते. त्या मुलाने घासाघीस केली नाही आणि आम्हीही नंतर विचारले नाही.

बाबांना त्या गाडीतून नागपूरला साडेतीन वर्षे नेले. केळझरच्या पुढे एका टपरीवर थांबायचे, त्यांनी बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि सिस्टरांची पाठ वळली की जिलेबी मागायची. २०२०च्या टाळेबंदीत एस.टी. बंद होती, भाड्याच्या गाड्या बंद होत्या. पास काढून याच गाडीने दवाखाना गाठला. २०२१च्या जानेवारीत बाबा गेले, घरीच, झोपेत. त्या साडेतीन वर्षांचा हिशेब वहीत मांडलेला नाही.

त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२० मध्ये, तळेगावचा कारखानाही थांबला. निळ्या शाईतल्या प्रश्नाचे उत्तर ते. तिथल्या हजारावर कामगारांनी नुकसानभरपाईसाठी दीर्घ लढा दिला. एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदा फिसकटला, आणि अखेर २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना विकत घ्यायचा करार केला. दरम्यान २०२१ मध्ये फोर्डनेही भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा शाळेतल्या दोघा शिक्षकांनी मास्तरांना गाठून विचारले, आता काय करू? मास्तरांनी त्यांना उस्तादांकडे पाठवले.

उस्तादांचे भाकीत खरे ठरले. इंजिनाने त्रास दिला नाही. २०२२ मध्ये सेलूजवळ एका बैलगाडीची जुवाडी लागून मागचा डावा दिवा फुटला. नवा कुठेच मिळेना. अडीच महिने लाल कागद चिकटवून हिंडलो, एकदा पोलिसाने अडवलेही. शेवटी नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे अपघातात गेलेली बीट सापडली. त्याच्याकडून तिचे दोन्ही मागचे दिवे, पुढचा एक आणि उजव्या दाराची काच घेतली. ती आमच्या पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहेत.

‘बीटचे आजारपण’ खात्यात अजून एकतीस हजार शिल्लक आहेत. मुलगी शिकून नोकरीला लागली. तिने परवा फोनवर विचारले, आता नवी का घेत नाही? सिस्टरांनी सांगितले, नोंदणी २०३०पर्यंत आहे. मग थोडे थांबून, दुसरी कंपनी कोणती घ्यायची याची वही मात्र काढून ठेव म्हणाल्या.